दुखणे रुग्णाचे, हुकूम दुसऱ्याचा

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर औषध केव्हा हवे आणि किती हवे, हे आखून दिलेल्या मर्यादेत रुग्णालाच ठरवू देणाऱ्या पद्धतीला रुग्णनियंत्रित वेदनाशमन म्हणतात. रुग्णालयात ती ‘पीसीए’ या नावाने ओळखली जाते. खाटेशेजारी कुलूपबंद पंप असतो. त्यात मॉर्फिन किंवा फेंटानिल भरलेली सिरिंज असते, पंपाची नळी सलाईनच्या मार्गाला जोडलेली असते आणि रुग्णाच्या हातात बटण असते. दुखले की रुग्ण बटण दाबतो आणि ठरलेला लहानसा डोस थेट शिरेत जातो. एका वेळी किती औषध जाईल, दोन डोसांत किमान किती मिनिटे जातील आणि ठरावीक तासांत जास्तीत जास्त किती औषध जाऊ शकेल, हे भूलतज्ज्ञ आधीच पंपात भरून ठेवतो. प्रौढ रुग्णात मॉर्फिनची नेहमीची सुरुवात १ मिलिग्रॅम डोस आणि ५ ते १० मिनिटांचे अंतर अशी असते. त्या अंतरात बटण कितीही वेळा दाबले तरी औषध सुटत नाही. मागणी किती वेळा झाली, याची नोंद मात्र पंप ठेवतो.

ही पद्धत कालपरवाची नाही. अमेरिकी भूलतज्ज्ञ फिलिप सेक्झर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस रुग्णाच्या मागणीनुसार शिरेतून थोडे थोडे औषध देण्याचे प्रयोग केले. १९७६ साली वेल्समधील कार्डिफ येथे तयार झालेला ‘कार्डिफ पॅलिएटर’ हा अशा प्रकारचा पहिला विक्रीयोग्य पंप मानला जातो. म्हणजे पद्धतीला अर्धे शतक झाले. तरीही बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात तिचे नाव काढले, तर जी उत्तरे मिळतात ती तिच्याहून बरीच जुनी आहेत.

ती उत्तरे अशी. ऑपरेशन झाले म्हणजे दुखणारच, दोन दिवस सोसावे. बटण हातात दिले तर रुग्ण दाबतच सुटेल. मॉर्फिन म्हणजे अफू, त्याची सवय लागेल. गावाकडची साधी माणसे, त्यांना यंत्र काय कळणार? दुखणे दबले तर आत काय बिघडले ते डॉक्टरांना समजणार कसे? आणि परवान्याची कटकट, पंपाचा खर्च, विजेचा लपंडाव, हे सगळे तालुक्याच्या गावाला झेपणार आहे का? ही सहा मते अनुभवी माणसाच्या ठाम आवाजात सांगितली जातात, म्हणूनच ती खरी वाटतात. एकेक हाती घेऊन तपासले की त्यांतले किती टिकते, ते पाहण्यासारखे आहे.

त्याआधी, सध्याच्या ज्या पद्धतीचा एवढा अभिमान बाळगला जातो ती चालते कशी, हे पाहिले पाहिजे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर केसपेपरवर दुखण्याच्या इंजेक्शनापुढे ‘एसओएस’ लिहिलेले असते, म्हणजे गरज पडल्यास द्यावे. गरज पडली की नाही, हे ठरवणारा रुग्ण नसतो. रात्री दोन वाजता टाके ओढू लागतात. रुग्ण शेजारी सतरंजीवर झोपलेल्या मुलाला हलवतो. मुलगा काउंटरपाशी जाऊन “सिस्टर, बाबांना लई दुखतंय” म्हणतो. सिस्टर एकटी, वॉर्ड भरलेला आणि त्याच वेळी दुसऱ्या खाटेवरची सलाईन संपत आलेली. “आत्ता दहा वाजता दिलंय, सहाला पुढचं,” असे उत्तर येते. मुलगा परततो, पुन्हा जातो. तिसऱ्या खेपेला सिस्टर डॉक्टरांना फोन लावते, होकार मिळतो, कपाटाची किल्ली शोधली जाते, इंजेक्शन भरले जाते आणि कमरेत टोचले जाते. स्नायूतून रक्तात उतरून गुण यायला आणखी वीस मिनिटे ते अर्धा तास जातो. रुग्ण पहाटे गुंगीत जातो, सकाळी राउंडला डॉक्टर येतात तेव्हा तो शांत पडलेला असतो आणि फाइलवर नोंद होते: रुग्णाची तक्रार नाही.

या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला यातला दोष समजावून सांगावा लागत नाही. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले की शेत तुंबते, पाळी लांबली की तेच शेत भेगाळते आणि इंदापूरच्या टेलपर्यंत पाणी पोचेल की नाही याची खात्री नसते. ठिबकने तेच पाणी थोडे थोडे आणि मुळाशी लागेल तेव्हा मिळते. आठ तासांनी टोचलेले इंजेक्शन हे आवर्तन आहे आणि पीसीए हे ठिबक. रक्तातले औषध एका पातळीच्या खाली गेले की दुखते आणि फार वर गेले की गुंगी व मळमळ येते. मधल्या पट्ट्यात रुग्णाला राखणे हेच वेदनाशमनाचे काम आणि ठरावीक तासांनी दिलेला मोठा डोस नेमके तेच करू शकत नाही.

आता पहिले मत: दुखणारच, सोसावे. दुखणारच हे खरे, पण त्यावरून सोसावे हे कसे निघते? ताप येणारच म्हणून पॅरासिटामॉल बंद करा, असे कोणी म्हणत नाही. १८४७ साली जेम्स यंग सिम्पसन यांनी एडिंबरोत प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म वापरला तेव्हा बाळंतिणीच्या कळा ही ईश्वरी योजना आहे, त्यात माणसाने हात घालू नये, असा आक्षेप घेतला गेला आणि सिम्पसन यांना त्यावर उत्तर लिहावे लागले. आज तोच आक्षेप देवाचे नाव गाळून वॉर्डात ऐकू येतो. सोसण्यात शरीराचा काही फायदा होतो म्हणावे, तर तोही नाही. पोटाचा किंवा छातीचा छेद दुखत असलेला रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कूस बदलत नाही. फुप्फुसाचा तळ मिटतो, कफ साचतो, न्यूमोनियाला वाट मिळते. पाय हलत नाहीत, त्यामुळे शिरांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. वेदनेच्या ताणाने रक्तदाब, नाडी आणि रक्तातील साखर वर जाते. पहिल्या दिवसांतली तीव्र वेदना आणि महिनोन्‌महिने रेंगाळणारे जुनाट दुखणे यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात रुग्णाला लवकर उठवण्या-चालवण्याचा जो कार्यक्रम मांडला, त्याची मांडणीच वेदना आटोक्यात ठेवण्यावर उभी आहे. “उद्यापासून चाला” असे सांगायचे आणि चालता येईल एवढे औषध द्यायचे नाही, हा उपचार नव्हे, फर्मान झाले.

सोसण्याचा हा उपदेश सगळ्यांना सारखा होत नाही, हेही ध्यानात घ्यावे. त्याचा मोठा वाटा बायकांच्या वाट्याला येतो. सिझर झालेली बाई कण्हली की आधी घरातलीच माणसे तिला गप्प करतात. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्य सरकारच्या चौकशी समितीपुढे आला. उसाच्या हंगामात बीडच्या टोळ्या या भागातल्या फडांतही येतात. अशा शस्त्रक्रियेनंतर लवकर कोयता हाती घेणाऱ्या बाईच्या सहनशक्तीचे कौतुक करणाऱ्यांनी, त्या कौतुकाचा लाभ कोणाला होतो, हे एकदा मोजावे.

दुसरे मत: रुग्ण दाबतच सुटेल. दाबू द्यावे. १ मिलिग्रॅम आणि १० मिनिटे असे अंतर असेल तर तासभर बोट न उचलता दाबले तरी ६ मिलिग्रॅमच्या वर औषध जात नाही आणि तासाची मर्यादा त्याहून खाली बांधता येते. ज्या व्यवस्थेला १० मिलिग्रॅम मॉर्फिन एका दमात कमरेत टोचताना धोका वाटत नाही, तिला सहा हप्त्यांतल्या ६ मिलिग्रॅमची धास्ती वाटते, याला काय म्हणावे? शिवाय या पद्धतीची सुरक्षा निसर्गानेच दिलेली आहे. औषध जास्त झाले की श्वास मंदावण्याच्या आधी गुंगी येते आणि गुंगीतला माणूस बटण दाबत नाही. औषध आपोआप थांबते.

पीसीएमध्ये अपघात होतातच. पण कोणामुळे? एक, पंपात आकडे किंवा औषधाचे प्रमाण चुकीचे भरणाऱ्या कर्मचाऱ्यामुळे. दोन, रुग्णाच्या वतीने बटण दाबणाऱ्या प्रेमळ नातेवाइकामुळे. अमेरिकेच्या जॉइंट कमिशनने २००४ साली या दुसऱ्या प्रकाराबद्दल रुग्णालयांना खास इशारा दिला. बाबा झोपलेत, उठल्यावर दुखायला नको म्हणून आधीच दाबून ठेवतो, असे म्हणणारा मुलगा प्रत्येक वॉर्डात असतो. त्याला पहिल्याच दिवशी बजावून सांगावे लागते आणि पंपावर तशी मराठी पाटी लावावी लागते. धोका आहे तो रुग्णाच्या बोटाचा नव्हे, इतरांच्या बोटांचा. आणि आक्षेप घेतला जातो तो नेमका रुग्णावर.

किती औषध पुरे, हे बाहेरून ठरवता येते हा भ्रमही इथेच मोडतो. मॅकिन्टायर आणि जार्व्हिस यांच्या १९९६च्या अभ्यासात दिसले की वीस वर्षांवरील रुग्णाला पहिल्या २४ तासांत लागणारे मॉर्फिन, मिलिग्रॅममध्ये, सरासरी १०० वजा वय एवढे असते. वजनापेक्षा वयाने अंदाज बरा बांधता येतो. पण एकाच वयाच्या दोन रुग्णांच्या गरजेत दहा पटींपर्यंत तफावत आढळली. मग सर्वांना एकच डोस लिहिणारा कागद कोणाच्या गरजेचा असतो? बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या सोयीचा.

तिसरे मत: व्यसन लागेल. व्यसनाची भीती मिश्री लावणाऱ्या, तंबाखू मळणाऱ्या आणि मेडिकलमधून चिठ्ठीविना वेदनाशामक गोळ्यांच्या पट्ट्या आणणाऱ्या समाजाला वॉर्डाच्या दारातच का आठवते, हा प्रश्न बाजूला ठेवू. तीव्र वेदनेवर दोन-तीन दिवस, कुलूपबंद पंपातून, नोंद ठेवून दिलेले औषध आणि नशेसाठी घेतलेले औषध यांत परिस्थितीचा, प्रमाणाचा आणि हेतूचा फरक आहे. अमेरिकेतले ओपिऑइडचे, म्हणजे मॉर्फिनवर्गीय औषधांचे, संकट या आक्षेपाच्या बाजूने पुढे केले जाते. तेही तपासावे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांपुढेही ओपिऑइड घेत राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६ टक्के आढळले. छोट्या आणि मोठ्या शस्त्रक्रियांत ते जवळजवळ सारखेच होते. संबंध दिसला तो धूम्रपान, नैराश्य, शस्त्रक्रियेआधीपासूनचे जुनाट दुखणे अशा गोष्टींशी. त्यातून धडा मिळतो तो घरी जाताना गोळ्यांची पुरचुंडी बांधून देऊ नये हा. पहिल्या रात्री खाटेवरच्या माणसाला तळमळत ठेवावे, हा धडा त्यातून कोणत्या तर्काने काढला जातो?

चौथे मत सर्वांत उर्मट आहे: गावाकडच्या माणसाला यंत्र कळणार नाही. ज्या शेतकऱ्याविषयी हे बोलले जाते तो घरबसल्या मोबाइलवरून विहिरीवरची मोटर चालू-बंद करतो, ठिबकमधून विद्राव्य खताचे प्रमाण राखतो आणि दुधाच्या फॅटचा हिशेब तोंडी करतो. बारामतीत अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या पुढाकाराने ऊस शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग झाला, त्याची दखल जगाने घेतली. उसाला किती पाणी हवे हे संगणकाला विचारणाऱ्या तालुक्यात, माणसाला किती दुखते हे त्या माणसाला विचारणे मात्र अवघड वाटते! पीसीए वापरायला अक्षरओळखही लागत नाही. दुखले की दाबा, न दुखल्यास दाबू नका, दुसऱ्याला दाबू देऊ नका, एवढ्याच सूचना. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बटण हातात देऊन त्या समजावल्या की काम होते. शाळकरी मुलेही ही पद्धत नीट वापरतात. ज्याला बटण दाबता येत नाही, जो भ्रमात आहे किंवा जो फार लहान आहे, त्याच्यासाठी ती नाही. झोपेत श्वास अडणाऱ्यांत आणि मूत्रपिंड निकामी असलेल्यांत वेगळे औषध व जादा देखरेख लागते. या वैद्यकीय अटी आहेत, गाव आणि शहर यांतला फरक त्यांत कुठेही येत नाही.

या मताच्या मुळाशी असलेला समज वेगळाच आहे: रुग्ण वाढवून सांगतो. युद्धात जखमी झालेले सैनिक रुग्णालयातल्या नागरी रुग्णांपेक्षा कमी मॉर्फिन मागतात, हे हेन्री बीचर यांनी १९५६ सालीच नोंदवले होते. जखमेच्या आकारावरून वेदना मोजता येत नाही. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हाही वेदना हा नेहमीच व्यक्तीचा स्वतःचा अनुभव असतो आणि तिने सांगितलेल्या वेदनेचा आदर झाला पाहिजे, असे सोबतच्या टिपांत नोंदवले. दुसऱ्याचे दुखणे काउंटरवरून मोजणारे यंत्र अजून कोणी बनवलेले नाही.

पाचवे मत त्यातल्या त्यात वैद्यकीय आहे: वेदना दबली तर गुंतागुंत झाकली जाईल. मात्र रुग्णालयात पोटातली गळती किंवा रक्तस्राव ओळखायचा तो नाडी, रक्तदाब, ताप, पोट फुगण्याची लक्षणे, ड्रेनमधला स्राव, रक्ततपासणी आणि सोनोग्राफीवरून. कण्हणे हीच तपासणी मानायची असेल तर बाकीची उपकरणे विकून टाकावीत. हाड मोडलेल्या पायात स्नायूंचा दाब वाढला तर वेदना अचानक भडकते आणि ती वेळीच ओळखावी लागते, हे खरे. परंतु तिथेही पंपाची नोंद उपयोगी पडते. सकाळपर्यंत तासाला दोनदा बटण दाबणारा रुग्ण दुपारी दहादा दाबू लागला, तर ती धोक्याची घंटा आकड्यांत समोर उभी असते. ‘एसओएस’च्या पद्धतीत तीच घंटा सिस्टर आणि मुलगा यांच्यातल्या वादात विरून जाते.

सहावे मत कायद्याचे आणि खर्चाचे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने जबर शिक्षा आणि परवान्यांची रांग आणली, हे निर्विवाद. त्या धाकाने देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९९७ साली वर्षाला २० किलोच्याही खाली घसरला होता. जो देश नीमच, मंदसौर, चित्तोडगड भागांत सरकारी परवान्याने अफू पिकवतो आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया करतो, त्याच देशातल्या रुग्णाला मॉर्फिन मिळू नये! लॅन्सेटच्या आयोगाने २०१७ साली हिशेब मांडला, तेव्हा वेदनाशमन आणि परिहार सेवेच्या गरजेपैकी जेमतेम ४ टक्के ओपिऑइड भारतात उपलब्ध असल्याचे दिसले. पण हा कायदा २०१४ साली बदलला. मॉर्फिन आणि फेंटानिलसह सहा औषधे अत्यावश्यक मादक औषधे म्हणून वेगळी काढली गेली. २०१५च्या नियमांनुसार राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेल्या संस्थेला ती ठेवता येतात. प्रशिक्षित डॉक्टर, बंद कपाट, चोख नोंदवही आणि वार्षिक हिशेब एवढीच अपेक्षा आहे. कायदा बदलून दशक उलटले. अजूनही ‘कायद्याची अडचण’ सांगणारी संस्था कायदा वाचत नाही किंवा नोंदवही ठेवायला राजी नाही.

खर्चाचे रडगाणेही असेच. मॉर्फिनवर कोणाचे पेटंट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७७च्या पहिल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीपासून ते तिथे आहे आणि भारताच्या राष्ट्रीय यादीतही आहे. पंप वर्षानुवर्षे चालतो आणि बॅटरीवरही चालतो. रबरी फुग्याच्या दाबावर चालणाऱ्या वापरून टाकायच्या पंपांना तर वीजही लागत नाही. ऑक्सिमीटर कोविडच्या काळात घरोघरी पोचला. गुंगीची पातळी आणि श्वासांची गती ठरावीक वेळाने लिहिणारी सिस्टर आणि हाताशी मॉर्फिनवरचा उतारा असलेले नॅलोक्सोन, हे दोन नसतील तर पीसीए लावू नये, हे बरोबर. पण हे दोन नसलेल्या वॉर्डात १० मिलिग्रॅमचे इंजेक्शनही देऊ नये, हे तितकेच बरोबर आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचे दर पॅकेजने ठरलेले असल्याने वेदनाशमनाला वेगळा पैसा मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. ती सरकारकडे करायची आहे, रुग्णावर काढायची नाही.

पीसीए जादू आहे, असा दावा कोणी करत नाही. २०१५च्या कोक्रेन आढाव्यात पीसीए आणि नेहमीची पद्धत यांची तुलना करणाऱ्या ४९ चाचण्या तपासल्या गेल्या. १०० गुणांच्या मापावर वेदना सुमारे ८ ते १० गुणांनी कमी, रुग्णांचे समाधान अधिक, औषधाचा एकूण वापर थोडा जास्त आणि खाज अधिक, असा निष्कर्ष निघाला. विरोधक त्यातली खाज उचलतात आणि समाधान विसरतात. हर्नियाच्या लहान शस्त्रक्रियेला पंप लागत नाही. जखमेत किंवा नसेभोवती दिलेली भूल, पॅरासिटामॉल, सिझरवेळी मणक्यातून दिलेले थोडे मॉर्फिन यांनी अनेकांचे भागते. पंप लागतो तो मोठ्या शस्त्रक्रियेला, जिथे वेदना तासातासाला बदलते.

बारामतीत २०१९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. जिथे डॉक्टर घडतात तिथेच वेदना मोजण्याची, लिहून ठेवण्याची आणि रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची सवय लागली पाहिजे. तिथून ती इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत आणि भिगवण रस्त्यावरच्या खासगी दवाखान्यांपर्यंत जायला पन्नास-साठ किलोमीटरच आहेत. सहा आक्षेपांपैकी पाच अज्ञानाचे आहेत आणि सहावा आळसाचा. रुग्णाला विचारल्याशिवाय त्याच्या वेदनेचा निकाल लावण्याचा अधिकार कोणत्याही वैद्यकशास्त्राने कोणाला दिलेला नाही. ही सवय लागेतोवर शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी रुग्णाने आणि नातेवाइकांनी भूलतज्ज्ञाला एवढेच विचारावे: भूल उतरल्यावर रात्री दुखले तर औषध कोण देणार आणि किती मिनिटांत? “बघू” असे उत्तर आले तर सही थांबवून पुन्हा विचारावे.